त्या बाईच्या हातचं

त्याला सगळे जावईबापू म्हणत. हे नाव त्याला परदेशात पडलं आणि ठेवलं ते त्याच्या बायकोच्या मामेभावानं, म्हणजे नात्यानं मेव्हण्यानंच. मेव्हण्यानं बहिणीच्या नवऱ्याला जावईबापू म्हणावं यात वावगं काही नाही. पण हा जावई त्याच्या घरचा म्हणून नव्हे, कोपऱ्यावरच्या हॉटेलवालीचा म्हणून. सुरुवातीला त्यावर सगळे हसायचे. तो स्वतःही हसायचा.

तो लिफ्टचा मेकॅनिक. गावी ज्या कंपनीत होता ती बंद पडली तेव्हा इकडे आला. बायको आणि शाळकरी लेक मागे राहिल्या. दोन-तीन वर्षं काढून येतो, असं सांगून निघाला होता. लेक कॉलेजातून बाहेर पडली तरी हा तिथंच. दिवसभर उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत ग्रीसच्या वासात वावरायचं, दोर तपासायचे, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, आणि संध्याकाळी आपल्या इमारतीचे जिने चढत वर यायचं, कारण तिथली लिफ्ट कायम बंद. त्यानं एकदा मालकाला सुचवलं होतं की मी चालू करून देतो. मालक म्हणाला, चालू झाली की तपासण्या मागे लागतात, आहे ते बरं आहे.

खोलीत तिघं राहत. हा, मेव्हणा आणि एक पेंटर. तीन पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले मोजे. मेव्हण्याला नोकरी यानंच लावून दिली होती. विमानतळावर त्याला आणायला हाच गेला होता, पहिले कपडे यानंच घेऊन दिले होते. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण त्याला माहीत होती, पण ती आपल्यालाच लागू पडेल असं कुणालाच वाटत नसतं.

स्वयंपाक पाळीनं होत असे. मग एक दिवस एका जुन्या इमारतीत काम करताना याच्या उजव्या हाताची दोन बोटं कप्पी आणि दोर यांच्यामध्ये सापडली. बोटं वाचली, पण वाकेनात. कांदा चिरता येईना, कणीक मळता येईना. मेव्हण्यानं आणि पेंटरनं काही दिवस सांभाळून घेतलं, मग कुरकुर सुरू झाली. कुणाला ओझं व्हायचं त्याच्या जिवावर येई. त्यानं आपला स्वयंपाकातला वाटा सोडला आणि रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला सुरुवात केली.

ते हॉटेल म्हणजे भिंतीला लागून चार टेबलं, खिडकीशी एक आणि मागे स्वयंपाकघर. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे: सूप, मासा, भात, एक भाजी. लिहिलेलं असलं तरी त्यातलं जे शिल्लक असेल तेच मिळायचं. चालवणारी बाई साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली, सुजलेल्या पायांत रुंद सपाता घालून फिरणारी. नवरा केव्हाच वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. ताटात अन्न टाकणाऱ्याला ती सरळ रागावायची, मग तो सुटाबुटातला साहेब का असेना. जावईबापू ताट पुसून जेवायचा, म्हणून त्याच्यावर तिची मर्जी. तिची भाषा त्याला कामापुरती येत होती. तिला याची मुळीच नाही. चालून जायचं.

इस्पितळात बोटांचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "नुसती बोटं दाबून काही होणार नाही. बारीक काम करा. मणी ओवा, बटणं लावा, शिवा काहीतरी."

शिवा, हे ऐकून तो जरा दचकलाच. कारण शिवण त्याला येत होतं, आणि हे आता कुणालाही माहीत नव्हतं.

लहानपणी त्यांच्या घरी त्याची आत्या राहायची. नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, दुकानांसाठी भरतकाम करून देणारी. तिची नजर कमी झाली तशी सुईत दोरा ओवून द्यायचं काम याच्याकडे आलं. ओवता ओवता तो टाके घालायला शिकला. साखळी टाका, देठ टाका, गाठी टाका. हात इतका बसला की आत्याच्या कामात त्याचा टाका कुठला ते दुकानदाराला ओळखू यायचं नाही. एकदा पाहुणे आलेले असताना आत्यानं कौतुकानं एक रुमाल दाखवला आणि म्हणाली, हा आमच्या या पोरानं भरलाय. पाहुणे हसले. ते गेल्यावर वडिलांनी त्याचा कान असा पिरगळला की दोन दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही. "पोरगी झालास का रे?" एवढंच म्हणाले. पण भिंतीला कान असतात. पुढे बरेच दिवस गल्लीतली पोरं त्याला ताई म्हणून हाक मारायची. त्यानंतर त्यानं सुई हातात धरली नाही. पुढे लग्न झालं, पण आपल्या बायकोलाही त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. शर्टाचं बटण तुटलं तरी तिच्यापुढे धरायचा.

हॉटेलातल्या खिडकीजवळच्या टेबलावर जो कापडी टेबलक्लॉथ होता, त्याला कुणाच्या तरी सिगारेटनं भोक पडलं होतं. रोज जेवताना ते भोक त्याच्या ताटाशेजारी असायचं. चार दिवस त्यानं ते पाहिलं. पाचव्या दिवशी हॉटेलवालीकडे खुणेनं सुई मागितली. तिला वाटलं काटा रुतला. तिनं सुई आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ आणून दिलं. बोटं दुखत होती, सुई दोनदा निसटून सुपात पडली. पण तासाभरात त्या भोकावर एक पान उगवलं, मधली शीर सुद्धा दिसावी असं. हॉटेलवालीनं चष्मा लावून ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं त्याच्यापुढे आणखी एक भोक पडलेला टेबलक्लॉथ आणून ठेवला.

तिथून ते सुरू झालं. कामावरून सुटला की तो हॉटेलात यायचा, उजेड असेतो खिडकीपाशी बसून भरायचा, मग जेवायचा. बाजारातून त्यानं कापड ताणून धरायची रिंग आणली, रेशमाच्या लडी आणल्या. सामान खोलीवर नेण्याचा प्रश्नच नव्हता. एका कापडी पिशवीत घालून हॉटेलवाली ते गल्ल्याखाली ठेवायची. बोटं वाकायला लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्याला संध्याकाळची वाट पाहावीशी वाटू लागली. परदेशात एकट्या माणसाला संध्याकाळ खायला उठते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

लेकीच्या वाढदिवसाला त्यानं उशीचे दोन अभ्रे भरून गावी पाठवले. पोचल्यावर बायकोचा फोन आला. "अहो, अभ्रे फार सुंदर आहेत. कुठून घेतले?"

खरं सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलंही. पण कान आठवला. तोंडातून बाहेर पडलं, "इथं एक बाई करते."

"हातानं?"

"हो. हातानंच."

"हात सोन्याचा आहे हो तिचा," बायको म्हणाली. आणि त्याला इतका आनंद झाला की आपण खोटं बोललो हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

मग हे वाढतच गेलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, त्यातली निम्मी एकमेकांपासून लांब. फोनवर बोलायला काही उरलेलं नसायचं. जेवलात का, हो, पाऊस आहे का, नाही, ठेवते मग. आता मात्र बायको अर्धा अर्धा तास बोलायची, आणि ते सगळं त्या बाईबद्दल. "तिला म्हणावं, तो पोपट आहे की कावळा? चोच बघा जरा." "तिला म्हणावं, लाल आणि गुलाबी शेजारी शेजारी नको, अंगावर येतं." हा हूं हूं करायचा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपटाची चोच उसवून पुन्हा भरायचा. एकदा बायको म्हणाली, "बिचारीचं घरात कुणी आहे का हो? एवढं बारीक काम एकटं माणूसच करू शकतं." "आहेत घरी माणसं," तो म्हणाला, "पण लांब असतात."

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बायकोच म्हणाली, "त्या बाईकडून एक मोठा टेबलक्लॉथ करून घ्या. लग्नात लेकीबरोबर पाठवायला. सहा माणसांच्या टेबलाचा. वेळ लागला तरी चालेल."

त्यानं त्या कापडाला वर्ष घातलं. चारी कडांनी वेल, वेलीवर पक्षी, एका पक्ष्यासारखा दुसरा नाही. हॉटेलात नेहमी येणारी माणसं जाता येता थांबून बघायची. हॉटेलवाली त्यांना दटावायची, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. आयुष्यात त्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तुम्ही किती चांगलं काम केलंत हे बघायला कोण येतं?

याच सुमारास मेव्हणा सुट्टीवर गावी गेला. त्याला हे शिवणाचं काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की भावोजी कामावरून खोलीवर न येता हॉटेलात जातात आणि रविवारीसुद्धा दुपारभर तिथंच असतात. बाहेरून जाताना खिडकीत भावोजींची वाकलेली मान आणि शेजारी उभी असलेली बाई, एवढं त्यानं पाहिलं होतं. गावी पंगतीत कुणीतरी विचारलं, "आमचे जावई कसे आहेत तिकडे?" हा घास गिळून म्हणाला, "मजेत. तिकडेही जावईच आहेत. आम्ही तर त्यांना जावईबापूच म्हणतो. हॉटेलवालीकडचे."

सगळे हसले. वाढायला उभी असलेली बायको हसली नाही. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग सावकाश विचारलं, "हॉटेलवाली भरतकाम करते का?"

"ते काय माहीत नाही," मेव्हणा म्हणाला. "पण खिडकीतून आत सगळीकडे वेलबुट्टी दिसते खरी."

एवढं पुरलं. दोन आणि दोन चार करायला माणसाला फार शिकलेलं असावं लागत नाही. ज्या बाईच्या हाताचं आपण फोनवर तोंड भरून कौतुक केलं, जिला चोच नीट कर म्हणून निरोप धाडले, जिचं एकटेपण मनाला लावून घेतलं, ती ही. आणि नवरा आपल्याकडून तिचं कौतुक करून घेत होता. बायकोनं फोनवर त्या बाईचा विषय काढणं बंद केलं. टेबलक्लॉथ पोचला तेव्हा "मिळाला" एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, लग्नाची धावपळ असेल. इकडे मेव्हण्याच्या एका वाक्याला घराघरांतून पाय फुटत होते. कुणी म्हणालं बाई तरुण आहे, कुणी म्हणालं तिला मूलही आहे.

लग्नाला काही महिने असताना बायको म्हणाली, "मी येते तिकडे. एकदा बघू दे तुम्ही कुठं राहता ते." एवढ्या वर्षांत ती कधी आली नव्हती. तो हरखला. पेंटर मित्राकडे राहायला गेला, मेव्हणा दुसऱ्या खोलीत. यानं खोली घासून पुसून ठेवली, मोजे काढले, नवीन चादर आणली. बायको आली, जिने चढून वर पोचली, पलंगावर बसून तिनं दम घेतला आणि म्हणाली, "त्या हॉटेलात कधी जायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. जेवणाची वेळ टळून गेली होती, हॉटेल रिकामं होतं. बायकोनं खांद्याला एक मोठी पिशवी अडकवली होती. ती दारात उभी राहून आत पाहत राहिली. हॉटेलवाली स्वयंपाकघरातून हात पुसत आली, सपाता फरफटत, केस पांढरे, कपाळाला घाम. याची बायको आली म्हटल्यावर तिला फार आनंद झाला. तिनं दोघांना खिडकीपाशी बसवलं, सूप आणलं, पाव आणला, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"ही?" बायको हळूच म्हणाली.

"हीच. का?"

बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण ढिला झाला. ती जवळजवळ हसलीच. आपल्या आईच्या वयाची बाई. ज्या बाईशी ती इतके महिने मनातल्या मनात भांडत होती ती सडपातळ होती, तिच्या केसांत पांढरा केस नव्हता. तिनं दोन घोट सूप घेतलं. मग काहीतरी आठवल्यासारखं चमचा ठेवला, पिशवीतून तो मोठा टेबलक्लॉथ काढला आणि टेबलावर ठेवला.

"विचारा तिला, हे हिनंच केलं का."

"कशाला उगाच."

"विचारा म्हणते ना."

त्यानं विचारलं. म्हणजे त्याला विचारावंच लागलं. हॉटेलवालीनं चष्मा लावला, वेलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की हा माझ्यासमोर तयार झाला, हा यानं केला, इथं, याच खुर्चीवर बसून.

बायको त्याच्याकडे पाहत होती. "काय म्हणाली?"

"ती म्हणते," तो थांबला. "ती म्हणते, मी केलं."

आपली भाषा तरी कशी. त्या वाक्याचे दोन अर्थ होतात. बायकोनं सोपा अर्थ घेतला आणि मान डोलावली. "तरीच," ती म्हणाली, "वय झालंय तरी हात बघा." एका क्षणात सगळं मिटलं होतं. संशय गेला होता, खोटं झाकलं गेलं होतं, सूप अजून गरम होतं. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. तो गप्प राहिलाही.

पण बायकोनं पुढे वाकून हॉटेलवालीचा हात हातात घेतला. तिच्या बोटांकडे पाहिलं आणि तिच्या बोटांवरून कौतुकानं आपला हात फिरवला. हॉटेलवाली गोंधळली. तिला वाटलं, यांना समजलं नाही. ती जोरजोरात मान हलवायला लागली, याच्याकडे बोट दाखवायला लागली. उठली, गल्ल्याखालून कापडी पिशवी आणली आणि टेबलावर रिती केली. रिंग, लडी, अंगुस्तान, अर्धवट भरलेला एक रुमाल. त्यातली सुई काढून तिनं त्याच्या हातात दिली आणि दाखव, दाखव, असं म्हणत टाळी वाजवली. तिला बिचारीला वाटत होतं, ती याचा मान वाढवतेय.

त्यानं खाली मान घालून रिंग घेतली आणि चार टाके घातले. देठ टाका होता. हात नेहमीसारखा चालला. त्याला ते थांबवता आलं नाही.

हॉटेलातून बाहेर पडल्यावर बसथांब्याच्या बाकावर बायको बसली. बस आली, गेली. तो उभाच होता.

"कुणी शिकवलं?"

"आत्यानं. लहानपणी."

"मला सांगावंसं वाटलं नाही कधी?"

"तू हसशील असं वाटलं."

"हसले असते," ती म्हणाली. "एक दिवस हसले असते, दोन दिवस हसले असते. मग सवय झाली असती मला."

तो तिच्या शेजारी बसला. ती जरा सरकली.

"पोपटाची चोच नीट करा म्हणत होते मी. तिला म्हणावं हे, तिला म्हणावं ते. तुम्ही ऐकून घेत होतात. इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते हो? मला वाटायचं तिला माझं ऐकू येतं. ती माझी मैत्रीणच झाली होती. मग तुमच्या मेव्हण्यानं तो घोळ घातला तेव्हा नवरा गेला याचं दुःख कमी आणि तिनं दगा दिला याचंच जास्त वाटलं. आणि आता तुम्ही सांगता की ती नव्हतीच."

"मीच होतो," तो म्हणाला.

"हो. पण मला नव्हतं ना माहीत."

आणखी एक बस गेली. मग ती व्यवहाराचं बोलू लागली, आणि ते त्याला जास्त लागलं. "गावी सगळ्यांना माहीत झालंय तुमचं हॉटेलवालीचं. आता मी जाऊन सांगू, अहो तसं काही नाही, आमचे हे स्वतःच बसून रुमाल भरतात? कोण विश्वास ठेवेल? म्हणतील नवऱ्याचं झाकायला बघा काय शोधून काढलं. आणि ठेवलाच विश्वास, तर लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू? बाई असती तर चारचौघी माझ्या बाजूनं तरी उभ्या राहिल्या असत्या. याला मी काय करू?"

"तू म्हणशील तसं."

"बंद करा ते. आणि त्या हॉटेलात जाऊ नका."

त्यानं बंद केलं. बायको परत गेल्यावर तो पुन्हा खोलीत स्वयंपाकाला लागला. पेंटर परत आला, मेव्हणा परत आला. जावईबापू हॉटेलात जात नाही हे मेव्हण्यानं आठवड्यात टिपलं आणि गावी कळवून टाकलं की ताईनं जाऊन बरोबर बंदोबस्त केला. जे आजवर कुजबुजीत होतं ते त्यामुळे पक्कं झालं. नसतं काही, तर सोडलं कशाला असतं?

लग्नाला तो गावी गेला. हॉलच्या एका बाजूला लेकीबरोबर पाठवायच्या वस्तू मांडल्या होत्या. भांडी, चादरी, मिक्सर. टेबलक्लॉथ त्यात नव्हता, अभ्रेही नव्हते. त्यानं लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "ते भरतकामाचं नाही का ठेवलं?"

लेक नवऱ्या मुलीच्या साडीत उभी होती. तिनं बापाकडे सरळ पाहिलं. "बाबा, आजच्या दिवशी मला वाद नकोय. पण त्या बाईच्या हातचं मी माझ्या घरात नेणार नाही. आईनं काय सोसलंय ते मी बघितलंय."

बायको दोन पावलांवर नारळ मोजत उभी होती. तिला ऐकू गेलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आता तरी ही काही बोलेल, असं त्याला वाटलं. तिनं नारळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

तो स्वतःही बोलू शकला असता. एक वाक्य पुरलं असतं. मांडवात माणसं होती, व्याही होते, मेव्हणा होता. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं बाळ. तुला हवं तसं."

जेवणं झाल्यावर बायकोच्या काकांनी त्याला विडा दिला आणि हाताला धरून एका खुर्चीत बसवलं. म्हातारा मनानं चांगला. "जावईबापू," ते म्हणाले, आणि ते खरोखरच्या अर्थानं म्हणाले, "एकटा पुरुष परक्या देशात. पाय घसरतो. आमच्याही वेळी व्हायचं. वेळेवर सावरलात, यात सगळं आलं. मनाला लावून घेऊ नका."

"हो काका," तो म्हणाला.

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं."

"हो."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून सासरी त्याच्याशी सगळे पूर्वीपेक्षा जास्तच गोडीनं वागतात. सुधारलेल्या माणसाचं कौतुक असतंच. त्यानं त्या रात्री बायकोला विचारलं की लेकीला तरी सांगितलं का नाहीस. ती कूस बदलून म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा." टेबलक्लॉथ कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही.

सुट्टी संपल्यावर तो परत आला. हॉटेलच्या रस्त्यानं जायचं टाळायचा, वळसा घालून जायचा. पण एका दुपारी बाजारातून येताना हॉटेलवाली समोरच आली, दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या, पाय पूर्वीपेक्षाही सुजलेले. तोंड चुकवणं शक्य नव्हतं. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पहिलं विचारलं, लग्न कसं झालं.

"चांगलं झालं."

"आणि टेबलक्लॉथ? लेकीला आवडला का?"

"आवडला."

"सगळ्यांनी विचारलं असेल, कुणी केला म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांनी विचारलं."

तिला फार बरं वाटलं. त्यानं तिच्या पिशव्या उचलल्या, हॉटेलपर्यंत नेल्या, पायरीवर ठेवल्या. तुझं सामान अजून तसंच आहे, ये ना आत, ती म्हणाली. काम आहे, असं सांगून तो निघाला.